लाल रेघेच्या बाहेरचं घर

आबा, परवा आपल्या दारावर कुणीतरी एक पत्रक चिकटवून गेलं. पुढच्या तीस वर्षांत हे शहर कसं असावं, ते नागरिकांनी येऊन सांगावं, असं त्यात लिहिलं होतं. मागोमाग वॉर्ड ऑफिसातल्या बाईंचा फोन आला, की या भागात तुम्ही सगळ्यात जुन्या, तुम्ही दोन शब्द बोलाच. मी गेले. गार हॉल, भिंतीवर चिकटवायला रंगीबेरंगी चिठ्ठ्या, चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं. माईक माझ्या हातात आला आणि तोंडातून शब्द फुटेना. शेजारी पुण्याहून आलेली एक मुलगी बसली होती, कॉम्प्युटरच्या नोकरीतली. ती हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला काय हवंय तेवढंच सांगा ना." बिचारी मदतच करत होती. मी माईक तिच्याकडे दिला आणि सरळ घरी आले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. तुम्ही असताना जे बोलायला हवं होतं ते आता बोलते आहे, माझी जुनी खोड.

तुम्ही तेव्हा रेल्वेच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाला होता. सिकंदराबादेला जायची सवय सुटली नव्हती, सकाळी सहाला आंघोळ करून दारात उभे राहायचात आणि मग आठवायचं की कुठे जायचंच नाही. चिक्कडपल्लीच्या बाजारात जिथे तिथे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. सगळं शहर कुठेतरी जायच्या घाईत होतं. मला हिमायतनगरात एका खासगी कंपनीत ट्रेसरची नोकरी लागली होती. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा, एवढंच माझं काम. पण तुम्ही वस्तीत सगळ्यांना सांगायचात, "पोरगी शहराचे नकाशे काढती." जसं काही शहर मीच वसवणार होते!

त्या कंपनीला शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं काम मिळालं. अट अशी की लोकांना विचारून करायचा. मी घरी आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवला होता. आई गेल्यापासून संध्याकाळचा चहा तुमच्याकडे होता, आणि साखर नेहमी जास्त पडायची. तुम्ही सांडशी हातात धरून वळलात. "इचारणार? आपल्याला?" मी म्हटलं, हो, नाल्याकाठच्या सगळ्या वस्त्यांना. चहा उतू गेला तरी तुमचं लक्ष नाही. तुम्ही म्हणालात, "मराठवाड्यातनं आलो त्याला तीस वर्सं झाली. या शहरानं मला एकच गोष्ट इचारली, किधर के हो. आता म्हणतंय, तुला काय पायजे." तुमच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि तुम्ही ते स्टोव्हच्या धुरावर ढकललंत.

मग आठवडाभर तुम्ही घरोघर फिरलात. लोक येईनात. आजवर सरकारी माणूस आला तो दमदाटी करायलाच आला होता, त्यांचंही बरोबर होतं. पण तुमच्या शब्दाखातर सगळे आले. विहारापुढच्या अंगणात शंभर माणूस जमलं. साहेबांनी बायकांच्या हातात रांगोळी दिली आणि म्हणाले, तुमची वस्ती तुम्हीच जमिनीवर काढा. काय सुंदर काढली हो! नाला, नळ, विहार, दर्ग्याची भिंत, एकेक घर. मग साहेब म्हणाले, आता पावसाळ्यात पाणी जिथवर घरात शिरतं तिथवर लाल रेघ ओढा. खालच्या ओळीतल्या बायकांनी ओढली. तिथे खरंच कमरेएवढं पाणी यायचं.

आणि मग ते झालं, जे आपल्यासारख्या लोकांतच होतं. समोर राहणारी इडलीवाली अम्मा उठली. तिचं घर चढावर होतं, पाण्याचा थेंब शिरत नव्हता. ती म्हणाली, "मा इल्लु कूडा पेट्टम्मा," आमचं घरही घे गं बाई. कारण आपल्याला जन्मभर एकच गोष्ट ठाऊक. रेशनचं कार्ड असो नाहीतर नळाचं कनेक्शन, यादीत नाव असेल त्याला मिळतं, बाहेर राहिला तो मेला. लाल रेघेच्या आत असेल त्याला नाल्याची भिंत मिळणार, पक्की गटारं मिळणार, असं प्रत्येकाने मनातल्या मनात ठरवून टाकलं. साहेबांनी तसं कुठे सांगितलं नव्हतं, पण तसं नाही असंही सांगितलं नव्हतं. रेघ चढ चढत वर आली. आपल्या भिंतीला भिंत लागून असलेले टेलरचाचा म्हणाले, "बेटी, हमारा घर भी अंदर ले लेव. नाम छूट गया बोले तो फिर कौन पूछता?" मी वाकून त्यांच्या घराभोवती रांगोळी वळवली. आणि तशीच आपल्या घराकडे नेत होते, तेवढ्यात तुमचा आवाज आला.

"आपल्या उंबऱ्याला पाणी लागलंय का कधी?" सगळ्यांसमोर. मी म्हटलं, आबा, सगळेच घेतायत. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांचं सगळे बघतील. तू शिकलेली हायेस ना? मग हाय ते काढ." माझे कान तापले. चाचा हसून म्हणाले, "जाने दो मियाँ, बच्ची है." पण तुम्ही हटला नाहीत. आपलं घर रेघेबाहेर राहिलं. आपलं तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती वस्ती कागदावर उतरवली. आणि आबा, मी तुमचं ऐकलं नाही. आपलं घर आत घेतलं. मला राग होता, आणि त्याहून जास्त भीती होती. उद्या सगळ्यांच्या दारात पक्कं गटार येईल आणि आबांच्या हट्टापायी आम्ही चिखलात राहू, असं वाटलं. तुम्ही कधी तो कागद बघणार नव्हता.

चार महिन्यांनी नकाशावर रंगांची सूची लिहायचं काम माझ्याकडे आलं. पिवळा म्हणजे वसाहत, निळा म्हणजे बाजार. लालपुढे साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: राहण्यास अयोग्य, बांधकामे हटवून उद्यान. खाली बारीक अक्षरात, रहिवाशांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून.  मी साहेबांना म्हटलं, सर, यातल्या पुष्कळ घरांत पाणी येत नाही. ते चिडले नाहीत, हे मला अजून आठवतं. शांतपणे म्हणाले, "रेघ त्यांनीच ओढली ना? आपण थोडीच ओढली?"

पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. नोटिसा आल्या, त्यांच्याबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका आली, तिच्या मुखपृष्ठावर रांगोळीभोवती हसणाऱ्या आपल्या बायका. अम्माचं तोंड त्यात मधोमध होतं. मग ऐन दुपारी घरं पाडायचं मशीन आलं. लोकांना शहराबाहेर, बस जिथे वळते त्याच्याही पुढे, पत्र्याच्या खोल्या दिल्या. टेलरचाचांचं शिवणाचं मशीन तुम्ही आणि मी उचलून ट्रकात ठेवलं. तुम्ही खाली उतरलात तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सबका घर अंदर, इनका घर बाहर कैसा? बेटी दफ्तर में है ना!"  तुम्ही ताठ उभे राहिलात आणि म्हणालात, "त्या दिवशी सगळ्यांच्या समोर मी बाहेर ठेवायला सांगितलं. माझ्या पोरीनं रांगोळीत होतं तेच कागदावर काढलं. त्या कागदाला तिनं नंतर हात लावला असंल तर मी बाप नाही तिचा."  चाचांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम बोले तो सच्चीच है मियाँ." ट्रक गेला. मी तुमच्यामागे उभी होते. मला वाटलं, आत्ता बोलावं. नाही बोलले.

त्यानंतर सहा वर्षं तुम्ही जगलात. दर रविवारी दोन बस बदलून तिकडे जायचात, कुणाच्या अर्जावर सही, कुणाच्या पोराची शाळा. आधी लोक पाणीसुद्धा विचारत नव्हते म्हणे. चाचांनी सगळ्यांना सांगून सांगून तुमची इज्जत परत मिळवून दिली. इनकी बच्ची ईमानदार है, हे त्यांचं पालुपद होतं. त्या पत्र्याखाली दुसऱ्याच उन्हाळ्यात ते गेले, गिऱ्हाईक नाही, दवाखाना लांब. त्यांच्या मातीहून परत आलात त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "खोटं लिहिलं असतंस तर आज तिथं तोंड दाखवायला जागा नव्हती." मी भांडी घासत होते. नळ मोठा सोडला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. लिहून झालं की कपाटात तुमच्या पेन्शनच्या कागदांखाली जाईल आणि माझ्यामागे कुणीतरी न वाचताच रद्दीत देईल, कारण आपल्या घरात आता मराठी वाचणारं कुणी उरलेलं नाही. तरी एक गोष्ट लिहूनच ठेवते. त्या दुपारी, सूची लिहून झाल्यावर, साहेब जेवायला गेले होते. ऑफिसात मी एकटी. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई अर्ध्या ब्लेडने खरवडून काढता येते, सावकाश, कागदाला छिद्र न पाडता. आपल्या घराभोवतीची रेघ मी तशी काढली आणि तुम्ही सांगितली होती तिथून नवी ओढली. कुणाला कळलं नसतं आणि कळलंही नाही. चाचांचं घर तिथून नखाएवढ्या अंतरावर होतं. एकच भिंत, एकच जोतं, त्यांच्याही उंबऱ्याला कधी पाणी लागलं नव्हतं. त्याला आणखी दहा मिनिटं लागली असती. साहेब यायला अर्धा तास होता. मी ब्लेड पुसून ठेवलं आणि डबा उघडला. मला भूक लागली होती, आबा.