जीपला टेम्पोचं इंजिन

६ मार्च १९८३
जीप घेतली. सरकारी लिलावातली आहे. इंजिन बसलेलं, पण बॉडी ठणठणीत. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, रोज नवीन साहेब येऊन राहिलेत, आणि भांड्यांच्या एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक सायकलवर फिरतो, हे शोभत नाही. शिवकांता म्हणाली, चालत नाही ती गाडी शोभते का? बायकोला धंदा कळत नाही.

११ मार्च
मेकॅनिक मलप्पाकडं बसलो. मीच त्याला समजावलं की जुन्या पेट्रोल इंजिनात आता अर्थ नाही. त्याच कंपनीच्या टेम्पोचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसतं. हाव मालक, म्हणाला. एकाच घराण्यातल्या गाड्या, सोयरीक जुळणारच. हाव मालक. समजूतदार माणूस आहे.

१५ मार्च, नांदेड
अपघातात गेलेल्या टेम्पोचं इंजिन मिळालं. भंगारवाला म्हणाला, शेठ, ह्याचा रेडिएटर बी घेऊन जावा, इंजन लई तापट हाय, जीपच्या रेडिएटरला झेपायचं न्हाई. मी नुसता हसलो. हांडा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला झाकण कसं चिकटवायचं, हे मला शिकवतो. जन्म गेला माझा त्यात.
परतताना ट्रकमध्ये जागा नव्हती. इंजिनावर बसून आलो. पँट गेली.

२२ मार्च
इंजिन बसलं. म्हणजे जवळजवळ. टेम्पोचं इंजिन बोटभर लांब आहे, त्यामुळं पंखा रेडिएटरला घासतो. मलप्पा डोकं खाजवत उभा होता. पात्यांची टोकं कापायची आयडिया माझी. हाव मालक. कापली. घासणं बंद.

२३ मार्च, सकाळ
चालू झाली. समोरचा पानवाला उठून उभा राहिला. थोडी वाफ आली, पण नव्या घरात आलेलं इंजिन आहे, घाम फुटणारच.

३० मार्च
मुरुडला अक्काकडं गेलो. तिच्या उमाचं लग्न ठरलं, २४ एप्रिल. गावातल्या विहिरींना तळ दिसून राहिला आहे. दाजी टँकर सांगायला निघाले होते, मी अडवलं. लग्नाचं पाणी मामाकडून, म्हणालो. घरी बोअर आहे, दुकानात ड्रम आहेत, दारात जीप आहे. अक्का म्हणाली, नक्की ना रे? पाण्यावाचून पोरीच्या लग्नात फजिती नको. वाईट वाटलं. सख्ख्या भावाला कोणी नक्की ना विचारतं का?

परत येताना फाट्यावरच्या वस्तीपाशी थांबलो. इंजिन गार करायला नव्हे, जरा पाय मोकळे करायला. बायका रिकामे हांडे घेऊन बसल्या होत्या. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, साहेब, आमच्या वस्तीला टँकर कवा सोडता? जीपमुळं घोटाळा झाला. खुलासा करणारच होतो, पण सगळ्या माझ्याकडं बघून राहिल्या होत्या. बघू, म्हणालो. ह्यात खोटं काही नाही.
साहेब म्हणाली. शिवकांताला सांगितलं नाही.

९ एप्रिल
रेडिएटरचं झाकण उडालं. शर्ट गेला. मलप्पा पहिल्यांदाच हाव मालक सोडून दुसरं काही बोलला. रेडिएटर आन पंखा बदलू, म्हणाला. लग्नानंतर बघू, म्हणालो. पाणी नेणाऱ्या गाडीला पाण्याची काय चिंता?

२२ एप्रिल
दुकानातले नवेकोरे ड्रम जीपमध्ये चढवून बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरले. शिवकांता म्हणाली, अजून वेळ आहे, टँकर सांगून ठेवा. ती पोरांना घेऊन बसनं पुढं गेली. जीपवर विश्वास नाही म्हणाली. तोंडावर.
संकल्प: हळू चालवायचं. इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडं बघायचं नाही.

२३ एप्रिल, मुरुड
आज लिहायचं नव्हतं.

लातूर सोडलं आणि काटा लाल झाला. थांबलो, ड्रममधलं पाणी ओतलं. पुन्हा थांबलो, ओतलं. ओतलेल्यातलं निम्मं वाफ होऊन माझ्या अंगावर. ऐन उन्हात त्या फाट्यावर जीप आपणहून थांबली. घागरभर पाणी इंजिनाला पाजत होतो तेवढ्यात वस्तीवरच्या बायका हांडे घेऊन धावत आल्या. ओळ लागली. ती म्हातारी सगळ्यांना सांगत होती, साहेबानं शबूद पाळला.

मी साहेब नाही, हे पाणी माझ्या भाचीच्या लग्नाचं आहे, एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलं सुद्धा. पण ह्यांच्यासमोर इंजिनाला पाणी पाजून आता ह्यांना नाही कसं म्हणायचं? हे एक कारण. दुसरं कारण, शब्द पाळला म्हणाली. खरं लिहायचं तर दुसरंच मोठं होतं. ओळीनं घ्या, म्हणालो. वर हात करून, साहेब करतात तसा.
एक ड्रम राखला होता. तो मुरुड येईपर्यंत इंजिनानं संपवला.

हळदीचा मांडव भरलेला. दाजींनी एकेक ड्रम वाजवून बघितला. सगळे खणखणीत वाजले, माल चांगला आहे. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून उमा हळदीच्या हातांनी तांब्या घेऊन आली. मी तो घेतला आणि सवयीनं बॉनेटकडं वळलो. झाकणाला हात पण घातला. उमा हळूच म्हणाली, मामा, ते तुम्हाला प्यायला आणलंय.

मग गावातल्या घराघरांतून कळशी कळशी पाणी आलं. उन्हाळ्यात पोराबाळांच्या तोंडचं पाणी. नवऱ्याकडच्यांना अक्कानं सांगितलं की टँकरवाल्यानं ऐनवेळी दगा दिला. माझ्यासाठी खोटं बोलली. ते ऐकून मांडवामागं जाऊन बसलो. फार लाज वाटली.

२४ एप्रिल
लग्न लागलं. मामा म्हणून उमाच्या मागं उभा होतो. जेवणानंतर कोणीतरी हात धुवायला पाणी मागत होतं. मला ऐकू आलं नाही असं केलं.

२६ एप्रिल, लातूर
जीप मुरुडलाच आहे. दाजींच्या कोंबड्या तिच्यात बसतात. शिवकांता पोरांसह अक्काच्या मदतीला थांबली. मी एकटा बसनं निघालो.

फाट्यावर तीच म्हातारी हांडा घेऊन चढली आणि नेमकी माझ्याशेजारी बसली. साहेब, आज बसनं का, म्हणाली. आता मात्र सांगायचंच ठरवलं. मी साहेब नाही, लातूरला माझं भांड्यांचं दुकान आहे, म्हणालो. ती म्हणाली, ठावं हाय की, ह्यो हांडा तुमच्याच दुकानातला हाय, गळून राहिलाय, बदलून घ्यायलाच निघाले. कस्तुराबाई नाव.

मग मला साहेब का म्हणत होतात, विचारलं. ती म्हणाली, साहेब म्हणलं की तुमच्यानं न्हाई म्हणवत न्हाई. पहिल्याच दिशी कळालं.
ते पाणी भाचीच्या लग्नाचं होतं हेही सांगून टाकलं. तिनं मांडीवरचा हांडा खाली ठेवला. मग म्हणाली, आधी म्हणला असता तर थेंब घेतला नसता. आमच्या बी घरात पोरी हायेत.

लातूरला उतरून तिला दुकानात नेलं. गळका हांडा ठेवून घेतला, नवा दिला. बोअरचं पाणी आहे, भरून देतो, म्हणालो. हांडा पुढं करता करता तिचा हात थांबला. हे कुणाच्या लग्नाचं न्हाई न्हवं, असं तिनं विचारलं.