मला पडलेलं एक मत

किहीम, गुरुवार

तीर्थस्वरूप बुधाजीमामांस,

निकेतचा नमस्कार, तोही उभ्याउभ्याच, कारण पायाचा अंगठा भोपळ्याएवढा सुजलाय (का, ते पुढे येईल). तुमचा गुडघा काय म्हणतो? मी कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून मामी अजून भांडी आपटते का? तिला सांगा, कॉलेजात जे कधी दिसलं नाही ते मी काल मोबाइलवर पाहिलं, आणि अजून अंगावर काटा आहे.

झालं असं. आमच्या कॉटेजच्या मालकीण रुचिकामॅडम म्हणाल्या, यापुढे निर्णय टीमने मत देऊन घ्यायचे, त्यासाठी एक चांगलं अ‍ॅप शोधा. शोधायचं काम दोघांवर आलं, मी आणि ऑफिसातली प्राप्ती (तुमच्या आळीतलीच; तिच्याबद्दल मी याआधीच्या पत्रांत थोडं लिहिलं होतं, मामी म्हणते थोडं नव्हतं). आधी व्हॉट्सअ‍ॅपवरच पोल टाकला: स्वयंपाकघराची सुट्टी सोमवारी की मंगळवारी? मॅडमनी मंगळवार दाबला आणि झरझर सगळ्यांनी मंगळवार दाबला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या नीराबाईंनीसुद्धा! सोमवार हवा म्हणून महिनाभर मॅडमच्या मागे लागल्या होत्या त्या नीराबाई! नावं दिसतात ना तिथे. मी भडकलो, ही काय मतं झाली, हा तर हजेरीपट! दुसरं अ‍ॅप ईमेल आणि पासवर्ड मागत होतं, त्यात आमचा अर्धा स्टाफ दारातच अडकला. मग प्राप्तीने तिसरं काढलं. नुसती लिंक. नाव नाही, गाव नाही, आणि सगळ्यांची मतं पडेपर्यंत निकाल बंद. मामा, ती ते समजावत होती आणि मी बघत होतो (अ‍ॅपकडेसुद्धा).

पहिलाच प्रश्न माझ्या जिवाचा निघाला. मांडव्याच्या धक्क्यावर पाहुण्यांसाठी आमचं टेबल लागणार, तिथे प्राप्ती बसणार, आणि सोबत आमच्या स्टाफमधला रितेश की निकेत? लिंक गेली. दुपार झाली तरी एक मत पडेना. बघायला गेलो तर सगळे स्वयंपाकघरात जमलेले, आणि गुप्त मत काय द्यायचं ते हात वर करून ठरवत होते! तेही अडलेलं, कारण वाडी सांभाळणारे धर्माजी वयाने मोठे, ते बोलल्याशिवाय यांच्यात कोणी हात उचलत नाही. माझा ताबा सुटला. दारातल्या माडाला लाथ घातली. माड जागचा हलला नाही.

धर्माजींनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. म्हणाले, “ह्यो कोनाला सांगनार न्हाय ना? मंग मी तरी कशाला सांगू? जावा आपापल्या जाग्याव.”

आणि मामा, सगळे पांगले. कोणी माडाआड, कोणी पंपाच्या खोलीत. नीराबाई भिंतीकडे तोंड करून पदराखाली फोन धरून उभ्या राहिल्या, देवापुढे राहतात तशा. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना एकटीला विचारत होतं. एवढा शांत परिसर मी पाहिला नव्हता. मीही माझं मत रितेशला दिलं, कारण प्राप्ती शेजारी होती आणि स्वतःला मत देणं मला भिकार वाटलं.

निकाल लागला. बाकी सगळी मतं रितेशला. मला एक. एकच! मी दिलेलं नाही ते. रात्री झोप आली नाही. टेबल गेलं त्याचं दुःख आहेच, पण त्या एका मताकडे मी चांदणीकडे बघावं तसा बघतोय.

तुमचा लंगडता आणि भारावलेला भाचा,
निकेत

ता. क. – आत्ताच नीराबाई कानात म्हणाल्या, “तं मत माजा व्हता, तू धक्क्याव गेलास तं माज्या किचनात आरडाओरडा थांबंल.” त्याआधी धर्माजीही तेच सांगून गेले, ‘मत माझं’. आणि आता खुद्द रितेश म्हणतो, यार, मीच दिलं, स्वतःला द्यायची लाज वाटली. एका मताचे तीन धनी!

दुसरी ता. क. – प्राप्ती एकटीच त्या मतावर हक्क सांगत नाही. विचारलं तर म्हणाली, “नावं दिसू नयेत म्हणून कोण भांडत होतं रे?” आणि माझा चहा बशीत, बशीतून टेबलावर सांडेपर्यंत ओतत राहिली. तेव्हा मामा, गुडघा दुखत असला तरी आज भातगिरणीच्या ओट्यावर तिच्या वडिलांशेजारीच बसा, आणि विषय काढा. त्यांचं मत मात्र उघड घ्या.