कोरडं आहे, सोडा!

लेडीस्मिथ, व्हँकूव्हर बेट
४ मे १९९१

प्रिय डेलबर्ट,

तुझं पत्र आणि शर्लीवहिनीचा जॅम, दोन्ही धड पोचलं. तुमच्याकडे पेरणीची गडबड सुरू व्हायची असेल. गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघं मजेत. निदान कोरडे तरी आहोत.

घर विकल्यापासून आम्ही बोटीतच राहतोय हे तुला माहीत आहे, पण बोट अजून जमिनीवरच आहे हे गावभर सांगत फिरू नकोस. बोटींच्या यार्डात ती लोखंडी टेकूंवर उभी आहे आणि आम्ही शिडीने चढ-उतार करतो. मोरीचं पाणी तसंच खाली सोडायला बंदी, म्हणून भांडी घासली की बादली घेऊन उतरायचं. झोपायच्या फळीवर उठून बसलो की डोकं छताला आपटतं. ते छत मीच केलंय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वर्नाची मात्र कमाल आहे. आख्ख्या घरातून तिने दोन पिशव्या कपडे, एक तवा आणि विणायच्या सुया एवढंच ठेवलं. बाकी सगळं अंगणात मांडून विकून टाकलं. मी माझ्या जुन्या आरामखुर्चीभोवती घुटमळत होतो, तर म्हणाली, "खुर्ची बोटीत येणार असेल तर तू उतर."

यार्डात सगळे मला कॅप्टन म्हणतात. परसातल्या शेडमध्ये चौदा वर्षं खपून आख्खी बोट बांधणारा माणूस म्हणून नवशिक्यांना माझ्याकडे धाडतात. मीही मेक्सिकोचे नकाशे पसरून जायची वाट दाखवतो. खुल्या समुद्रात मी आयुष्यात एकदाच गेलोय, तेही दुसऱ्याच्या बोटीतून, आणि परत येईपर्यंत माझं डोकं बादलीत होतं. हे तुला माहीत आहे. इथे कुणालाच नाही, वर्नालाही नाही.

गेल्या वर्षी बोट पाण्यात सोडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, डोलकाठी तपासायला हवी. मग इंजिनाचं निमित्त काढलं. मग पाण्याची टाकी. या खेपेला वर्नाने मला न विचारता क्रेनवाल्या डगकडे नाव नोंदवलं. परवा भरतीला बोट पाण्यात जाणार. क्रेनची ही पाळी हुकली तर पुढची थेट वादळांच्या तोंडावर, म्हणजे वर्ष गेलंच म्हणायचं.

डेलबर्ट, इतका वेळ मी आडून आडून लिहितोय. मला जायचं नाही रे. बोट बांधायला आवडली, तिच्यात बसून जायला नाही. घर विकायचं वर्नानेच काढलं, पण ते माझ्या मेक्सिकोच्या गप्पांवर विसंबून. आता तिला कोणत्या तोंडाने सांगू? उंदराने आपला पिंजरा आपणच बांधावा आणि वर त्याला वार्निशही लावावं, तसं माझं झालंय. हे शर्लीला वाचून दाखवू नकोस. ती लगेच वर्नाला फोन लावेल.

तुझा
लॉर्न


लेडीस्मिथ
९ मे

प्रिय डेलबर्ट,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. बोट तरंगते आहे. अभिनंदन करू नकोस, आधी पुढचं वाच.

क्रेन बोटीला एकदम सोडून देत नाही. पाण्यात टेकवते, पण पट्ट्यांत धरून ठेवते. मग कुणीतरी आत उतरून बुडाशी असलेली, समुद्राचं पाणी आत घेणारी एकेक तोटी हात लावून बघतं. गळती दिसली तर तशीच उचलून परत टेकूंवर. आत उतरायचं काम मी माझ्याकडे ठेवलं होतं, कारण आदल्या संध्याकाळी एका तोटीवरच्या नळीची क्लिप मीच ढिली केली होती आणि तोटी उघडी ठेवली होती. आत जायचं, "पाणी!" म्हणून ओरडायचं, तोंड पाडून वर यायचं, की सुटलो वर्षभर. चौदा वर्षं पाणी आत येऊ नये म्हणून राबलो आणि शेवटी ही अक्कल चालवली.

पण मी धक्क्यावर दोर सांभाळत होतो तेवढ्यात वर्ना टॉर्च घेऊन आत उतरलीसुद्धा. डग ओरडला, "काय कॅप्टन, बायकोला पाठवून स्वतः हवा खाताय होय? आटपा, माझं जेवण निवतंय!" आतून खुडबुड ऐकू आली. मग ती म्हणाली, "कोरडं आहे, सोडा!"

पट्टे सुटले. वर्ना वर आली तेव्हा तिची डावी बाही खांद्यापर्यंत ओली होती. डगने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बोट धक्क्याला लावून झाल्यावर तिने कॉफी केली आणि समोर बसली. "पाणी कुठून येत होतं ते मी पाहिलं, बंदही केलं. का येत होतं तेवढं तू सांग."

"क्लिप जुनी असेल."

"क्लिप नवी आहे. मीच आणून दिली होती."

मग मी सगळं सांगितलं, समुद्रातल्या त्या बादलीसकट. वाटलं, आता रडेल, नाहीतर तवा तरी फेकेल. ती म्हणाली, "मला तरी कुठे जायचंय मेक्सिकोला? उन्हात माझ्या अंगावर पुरळ उठतं."

"मग घर कशाला विकलंस?"

"चौदा वर्षं तू जेवून उठलास की शेडमध्ये. त्या घरात मी एकटीच राहत होते, लॉर्न. म्हटलं, नवरा घरात येत नाही तर आपणच बोटीत जावं."

"मग आज गळू द्यायचं होतंस. दोघंही सुटलो असतो."

"मी कशी सुटले असते? गळती लागली असती तर आणखी दोन वर्षं तू तिच्या बुडाशी डोकं खुपसून बसला असतास."

मी कपातली कॉफी ढवळत बसलो. घरात आता दुसरं कुटुंब राहतंय. बोट उत्तम आहे, थेंबभर गळत नाही. जायचं दोघांनाही नाही आणि परतायला जागा नाही. आत एकमेकांना चुकवून जायला वाटही नाही. मीच ठेवली नाही.

आत्ता ती माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसून मोजा विणते आहे. "काय लिहितोस?" म्हणून विचारलं. म्हटलं, डेलबर्टला पत्र. "त्याला कळव, मी इथून उठणार नाही."

शर्लीशी तू रोज संध्याकाळी काय बोलतोस रे? हसू नकोस, खरंच विचारतोय. हातात पाना नसताना या बाईसमोर कसं बसायचं ते मला येत नाही, आणि त्याची मला समुद्रापेक्षा जास्त भीती वाटते. लवकर लिही.

दुरुस्तीला काहीच न उरलेला,
तुझा धाकटा भाऊ
लॉर्न