भिंतीपलीकडचा ठोका

३ ऑगस्ट १९८१, हुलसूर

आलो एकदाचा, हुलसूरचा पोस्टमास्तर म्हणून. बीदरहून भालकी, भालकीहून हुलसूर, आणि शेवटचा अर्धा तास एका बकरीच्या शेजारी उभा. बकरीला जागा मिळाली होती, मला नव्हती. पण गाव पाहून प्रवासाचा शीण गेला.

पोस्ट म्हणजे आप्पाराव बिरादारांच्या घराची पुढची खोली. मागची खोली मला राहायला. बाज, एक फळी, कंदील आणि भिंतीत एक दिवळी. पूर्वी ही दिवळी आरपार होती म्हणे, एकाच दिव्यात ही खोली आणि पलीकडची धान्याची खोली दोन्ही उजळायच्या. आता मागून फळी ठोकली आहे. मी तिथं माझी गोळ्यांची बाटली ठेवली.

आप्पारावांच्या पत्नी कलाबाई यांनी चहा दिला. घरातल्याच कपात. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण सोनकांबळे हे माझं आडनाव ऐकल्यावर कप बदलणारी घरं मी या जिल्ह्यात पुष्कळ पाहिली आहेत. कलाबाईंनी आडनाव विचारलं, ऐकलं, आणि साखर किती घालू ते विचारलं. जेवणही त्यांच्याकडेच ठरलं. मी त्यांना अक्का म्हणायचं ठरवलं आहे.

माझी बायको शोभा शाळेत शिकवते; तिची बदली होईपर्यंत ती आणि लेक उत्पला बीदरलाच. चार वर्षांच्या पोरीला माझ्या छातीवर डोकं ठेवल्याशिवाय झोप येत नाही. तिचं काय चाललं असेल कोण जाणे.

६ ऑगस्ट

आज हसून हसून पोट दुखलं. दुपारी टपालाची थैली रवाना झाली, गाव सामसूम. कलाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. दारातून म्हणाल्या, मास्तर, तीन दिस झालं तुमचं घड्याळ ऐकू यायलंय, किती वाजले तेवढं तरी सांगा की.

माझ्याकडे घड्याळ नाही. शर्टाचं बटण काढून वण दाखवला. नऊ वर्षांपूर्वी मद्रासकडच्या इस्पितळात माझ्या हृदयाची कुजलेली झडप काढून तिथं एक पोलादी पिंजरा बसवला. पिंजऱ्यात बोराएवढी गोळी आहे. ती वर गेली की टक्, खाली आली की टक्. हल्ली नव्या तऱ्हेच्या झडपा निघाल्या आहेत, त्या एवढा गाजावाजा करत नाहीत म्हणतात. माझी जुनी, तोंडाळ.

कलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग विचारलं, अन् बंद पडलं तर? मी थट्टेनं म्हणालो, हा आवाज बंद तर मास्तरही बंद. त्या हसल्या नाहीत.

थट्टा सोडून द्यावी, पण नियम दोनच आहेत. रोज रक्त पातळ करायची गोळी, आणि महिन्याला सोलापुरात रक्ततपासणी. रक्त घट्ट झालं की पिंजऱ्यात गाठ धरते आणि आतली गोळी अडकते, नाहीतर गाठीचा तुकडा मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. डॉक्टर म्हणाले होते, आवाज हा तुमचा पहारेकरी समजा. शोभानं माझ्याकडून वचन घेतलं आहे : आवाज जरासा जरी बदलला, तर त्याच दिवशी सोलापूरची बस धरायची.

१७ ऑगस्ट

मी गावात प्रसिद्ध झालो. कार्ड घ्यायला येणारा माणूस आधी कान पुढे करतो. शरणप्पा गवळी दूध घालायला आला की पाच मिनिटं दाराशी उभा राहतो आणि मान डोलावतो, जणू मी काही गातो आहे. एरवी मला या आवाजाची फार लाज. बीदरच्या ऑफिसात सभेच्या वेळी मी छातीवर फाइल धरून बसायचो. इथं लाज गेली, हे खरं.

थैली उचलताना दंडाला दाराची चौकट लागली. हाताएवढा काळानिळा डाग उठला. गोळ्यांमुळं मला असे डाग लगेच येतात. पण कलाबाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी सांगितलं, रक्त पातळ ठेवावं लागतं. त्या म्हणाल्या, जिवंत माणसाचं रक्त कामून पातळ करायलेत हो हे डॉक्टर?

रात्री आप्पारावांनी हळूच सांगितलं. त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊन गेली. सहा वर्षं झाली.

२० ऑगस्ट

तीन दिवस ताटात पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, पुन्हा पुंडी. चव अप्रतिम. पण पालेभाजीनं गोळीचा जोर मोडतो, ती बेतानं खा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मला हे सांगायला फार जड गेलं. ज्या घरानं आपल्या ताटात वाढलं, त्या घराचं अन्न नको म्हणायचं कसं? शेवटी सांगितलं. कलाबाईंनी भाजीची वाटी माझ्या ताटाजवळून उचलली. मग म्हणाल्या, बरं मास्तर, न्हाई करत.

३० ऑगस्ट

आता ताटात डाळ, वांगं, बेसन. शब्दाच्या पक्क्या. डाळ हल्ली जरा हिरवट आणि कडसर लागते, भाकरीसुद्धा. इथल्या पाण्याचा गुण असेल. ताकही तसंच. मी ताट चाटूनपुसून ठेवतो आणि त्या इतक्या समाधानानं बघतात की आईची आठवण होते.

५ तारखेला सोलापूरला जायचं. बदली माणूस पाठवा म्हणून भालकीला लिहिलं आहे.

५ सप्टेंबर

बदली माणूस आला नाही. पोस्टाला कुलूप लावून जाता येत नाही. पुढच्या आठवड्यात.

९ सप्टेंबर

दुपारी पडल्या पडल्या वाटलं, आवाज जरा बसका येतो आहे. जुन्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा. कलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी बघताच गेल्या.

११ सप्टेंबर

खरंच बसका आहे. शरणप्पानंही आज मान डोलावली नाही. कान पुढे केला, थोडा थांबला आणि दूध ओतून निघून गेला.

कलाबाईंना सांगितलं, अक्का, आवाज उतरलाय, १४ला बदली येवो न येवो, मी सोलापूर गाठणार. मला वाटलं घाबरतील. तर त्या म्हणाल्या, उतरला तर चांगलंच हाय की, आता तुमचं काळीज आपलंआपण चालायलंय. मी जरा चिडूनच म्हणालो, तसं नसतं. आवाज गेला की माणूस जातो. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

१३ सप्टेंबर

आवाज आला! दुपारी बाजेवर पडलो आणि स्वच्छ टक्, टक्, टक्. पहिल्या वर्षी होता तसा, ठणठणीत. मी इतका हरखलो की कलाबाईंना हाक मारून ऐकवलं. त्या म्हणाल्या, व्हय मास्तर, म्या सांगितलं न्हवतं का?

बदली माणूस नाहीच. उद्याचं सोलापूर रद्द. हे शोभाला कळवणार नाही.

२१ सप्टेंबर

शोभाचं पत्र. बदली झाली. ३ ऑक्टोबरला सकाळच्या बसनं दोघी येतात. उत्पला रोज विचारते, बाबाचं टिकटिक कुठंय. शोभानं तिला उशीखाली गजराचं घड्याळ ठेवून पाहिलं, तर पोरीनं ते फेकून दिलं.

घोटे सुजले आहेत. दिवसभर बसून काम, त्याचंच असावं. आवाज उत्तम. मी दिवसातून दहादा कान देतो, आणि दहाही वेळा तो असतो.

२७ सप्टेंबर

बसस्टँडवरून थैली आणताना दोनदा बसलो. दम पुरत नाही. आडवं झालं की खोकला येतो.

पण आवाज आहे. बाहेर रस्त्यावर तसाही तो ऐकू येत नाही. खोलीत शिरलो की लगेच. टक्, टक्. मी त्याच्या भरवशावर आहे.

१ ऑक्टोबर

एक गोष्ट लिहायची आहे, आणि नीट लिहायची आहे.

थैली घेऊन आलो, बाजेवर कोसळलो. ऊर धपापत होता. सवयीनं मनगटाची नाडी धरली. नाडी पळत होती, मध्येच चुकत होती, पुन्हा पळत होती.

आवाज मात्र संथ होता. टक्. टक्. टक्. एकही ठोका न चुकता.

चार वेळा मोजलं. आवाजाचे साठ ठोके होईपर्यंत नाडीचे शंभराच्या वर.

माझ्या छातीतला आवाज माझ्या नाडीशी जुळत नाही.

२ ऑक्टोबर

पोस्टाला सुट्टी. घर शांत. सकाळपासून धीर होत नव्हता. दुपारी केलं.

दोन्ही कानांत बोटं घातली. नऊ वर्षं हे करत आलो आहे. बाहेरचं सगळं बंद होतं आणि माझी झडप डोक्यात घण घातल्यासारखी वाजते.

बोटं घातली, आणि काहीच नाही. एक ओला, बोळा कोंबल्यासारखा फसफस आवाज, बस्स.

बोटं काढली. टक्. टक्. टक्.

उठलो. आवाज दिवळीतून येत होता. गोळ्यांच्या बाटलीमागून. धान्याच्या खोलीत गेलो. भिंतीशी पोत्यांवर एक लंबकाचं घड्याळ, फळीला पाठ लावून उभं. शेजारी मातीचं मडकं. त्यात वाळवून कुटलेला शेवग्याचा पाला. हिरवागार. तीच चव. डाळीची. भाकरीची. ताकाची.

कलाबाई मागं उभ्या होत्या. लपवलं नाही त्यांनी काही. म्हणाल्या, तुमचं रक्त भरावं म्हणून पाला घालायले होते. आवाज कमी झाला, तवा वाटलं गुण आला. पण तुमीच म्हणाला की आवाज गेला की माणूस जातो. धसक्यानंच जाल म्हणून इथल्या जवळच्या कल्याणहून भावाचं घड्याळ आणलं. रोज चावी देतेय मास्तर, एक दिस चुकले न्हाई.

मी ओरडायला हवं होतं. ओरडता आलं नाही. मी तिथंच पोत्यावर बसलो आणि त्यांना समजावून सांगितलं की आता काय होणार. सांगताना त्यांचा चेहरा मी बघायला नको होता.

१४ तारीख. त्या दिवशी बस धरली असती तर.

आजची बस गेली. गावातली एकुलती जीप बीदरला गेलेली. उद्या साडेदहाची बस. आप्पाराव ड्रायव्हरला सांगून आलेत, मला झोपवून न्यायचं.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ

आडवं होता येत नाही. बसूनच आहे. बोटांना मुंग्या — गेल्या.

कलाबाई उंबऱ्यात बसून आहेत. जेवल्या नाहीत. मीच म्हणालो, अक्का, जेवा. मला तुमचा राग — आहे. पण जेवा.

आत कान देतो. नाही. नाही —

३ ऑक्टोबर, सकाळ

उजाडलं. मी अजून आहे.

नऊला त्यांची बस. साडेदहाला माझी. शोभाला काय सांगू? वचन मोडलं. घड्याळाच्या सांगण्यावरून मोडलं —

पावणेदहा

आल्या. उत्पला धावत आली, थेट मांडीवर, मग छातीवर. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. तिनं डोकं ठेवलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ठेवलं. ओठ वाकडा व्हायला लागला.

कलाबाई धान्याच्या खोलीत गेल्या, घड्याळ बंद करायला. मी हातानं थांबवलं. राहू दे म्हटलं. बाज भिंतीशी सरकवून घेतली. दिवळीला पाठ लावून बसलो, पोरीला धरून.

टक्. टक्.

ऐकलं तिनं. हात सैल पडले. झोपली. घड्याळावर झोपली. तिला वाटतंय, मीच.

शोभानं दुसऱ्या बाजूनं छातीला कान लावला. बराच वेळ. सोडलेलं सामान परत बांधते आहे.

दहा वीस

लिहितो आहे म्हणजे शुद्धीत आहे. हॉर्न वाजला, वेशीवर असेल. उठायचं. उत्पलाला शोभाकडे द्यायचं. डावा हात तिच्या पाठीखाली आहे. तो — दिसतो. माझा आहे. निघत नाही —

शोभाला हाक मारतो आहे. तोंडातून — नुसतं —

ती पाठमोरी आहे. कलाबाईही. कुणी बघत —

टक्. टक्. चालूच आहे. पोर झोपेत हसली. शो