हुकलेल्या चढाया

रविवार, संध्याकाळ

देवा, नवा कॅमेरा ह्यांनी घेऊन दिला, तुझीच कृपा. पण आज फजिती झाली. गौरीचा शाळेतला शेवटचा कबड्डी सामना. चढाईचा एक तरी फोटो पाहिजे म्हणाली होती. जुना कॅमेरा उशिरा फोटो काढायचा, म्हणून मी बटण आधीच दाबायची. नवा लगेच काढतो, तरी त्यावरही तसंच दाबलं. एकही चढाई आली नाई.

गौरी चिडली. "आई, सगळ्या फोटोत मी मातीलेच हात लावून राह्यली!"

खरंच. चढाईला निघण्याआधी ती रेघेजवळची माती कपाळाला लावते. जुन्या कॅमेऱ्यात हे कधी आलंच नव्हतं.

"हे कोणी शिकवलं तुले?"

"तू नाई का, सकाळी खाटेवरून उतरताना भुईले हात लावत? तसंच."

मग मला चढायांचं काही वाटेना.