मेरीमावशीचं आखूड लाकूड

गिरीज, मंगळवार, नाताळच्या आधीची संध्याकाळ

आमच्या वाडीत नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, घरटी एकेका लाकडाचा उभा राहतो, आणि कोणाचंही लाकूड कापायचं नाही, हा रिवाज. यंदा आराखडा कॉम्प्युटरवर मी करतेय. आणि केलं काय? एकच वासा काढून सगळीकडे कॉपी केला. सगळे एका मापाचे! मग एकेक ताणून पाहिला, तर खिळ्यांची भोकंही ताणली जाऊन अंड्यासारखी झाली. सगळं पुसलं. आता लांबी तेवढी बदलेल, जाडी आणि भोकं तशीच राहतील, असा वासा केलाय. घरागणिक लांबी भरली की झालं.

फक्त शेजारच्या मेरीमावशीचं लाकूड कुठेच पुरत नाही. तिच्या जुन्या खिडकीचं, जेमतेम हातभर. गोठा बांधणारे दुमिंगकाका म्हणाले, "बाय, तिचं राहू दे यंदा. ती काय बोलायची नाय."

बोलणार नाही, म्हणूनच राहू द्यायचं नाही! छपराला पुरत नाही? नाही तर नाही. आराखड्यात ते आडवं बाळ येशूच्या गव्हाणीखाली घातलं. नेमकं बसलं.

छप्पर असू दे कोणाच्याही लाकडांचं. बाळ मावशीच्या लाकडावर निजेल.