आईने घेतलेलं नाव

प्रिय बाबा,

बिश्केकहून तुमच्या सालकिनचा सलाम. आम्ही दोघी बऱ्या आहोत. मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या का? गुडघा कसा आहे?

आईला विसरण्याच्या आजारावरच्या गोळ्यांनी मळमळायचं, जेवण जाईना. म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या अर्ध्या केल्या आणि म्हणाल्या, हाताला सवयीचं काम द्या. मी लोकर आणली. आता ती दिवसभर लोकर पिंजते आणि सूपही पिते. फरक नेमका कशाने पडतो ते बाईंनाही ठाऊक नाही. त्या दर महिन्याला तेच प्रश्न विचारून गुण देतात.

"नवऱ्याचं नाव काय?" असं विचारलं की आई डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून खाली बघायची. बाई शून्य लिहायच्या.

मी म्हटलं, "अहो, विसरली नाही ती. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही घेतलं नाही तिने."

"असेल हो, पण कागदावर तसा रकानाच नाही."

काल बाईंनी पुन्हा विचारलं. आईने मान वर केली आणि परक्या माणसांदेखत खणखणीत सांगितलं, "मुकानबेत." रुमालाला हातसुद्धा लावला नाही.

बाई खूश झाल्या. "गोळ्या म्हणा, लोकर म्हणा, काहीतरी लागू पडलं बघा!"

मी मान डोलावली. चाळीस वर्षं जपलेली रीत आई विसरली, आणि त्याचा तिला गुण मिळाला.

बाबा, लोकर संपत आली आहे. आता तुम्हीच घेऊन या, हिवाळ्याची वाट बघू नका. ती तुम्हाला नावाने हाक मारेल. रागावू नका, ओ द्या.

तुमची,
सालकिन